पोरं राहतात कुणाच्या घरी?

सॅन होजे शार्क्सचा 2024-25 चा मोसम एप्रिलमध्ये संपला, तेव्हा 82 सामन्यांतून संघाच्या खात्यावर 52 गुण होते. नॅशनल हॉकी लीगमधल्या 32 संघांत सर्वांत कमी. आदल्या वर्षी 47 होते, तेव्हाही संघ तळालाच होता. 2019 नंतर तोवर या संघाने बाद फेरी पाहिलेली नव्हती. तरीही उन्हाळा सुरू झाला की इथले पुष्कळ लोक संघाकडे मोसमातल्यापेक्षा जास्त लक्ष देऊ लागतात. त्यांतलीच मी एक. गुणतक्ता बाजूला पडलेला असतो आणि पोरं दिसू लागतात.

हॉकी म्हटलं की आपल्याला खडकी आठवते, धनराज पिल्ले आठवतो. इथली हॉकी बर्फावरची. पायात पात्यांचे बूट, चेंडूच्या जागी कडक रबराची चकती, म्हणजे पक, आणि मोसम ऑक्टोबर ते एप्रिल. पुढचे महिने रिकामे आहेत असं टीव्हीवर सामने बघणाऱ्याला वाटतं. पण संघ घडतो तो याच महिन्यांत.

त्याची सुरुवात जूनअखेरच्या निवडीपासून होते. जगभरातल्या अठरा वर्षांच्या आसपासच्या मुलांतून 32 संघ एकेक नाव उचलतात. सात फेऱ्या, 224 मुलं. तळाच्या संघांना आधी निवडता यावं, पण कुणी मुद्दाम हरू नये, म्हणून पहिल्या क्रमांकासाठी सोडत काढतात. 2024 मध्ये ती सोडत शार्क्सला लागली आणि 28 जूनला लास व्हेगासमध्ये त्यांनी मॅकलिन सेलेब्रिनीचं नाव पुकारलं. त्याच दिवसांत इथे सॅन होजेत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन भरलं होतं. अमेरिकाभरातून आलेली मराठी माणसं ज्या सभागृहात जमली होती, तिथून शार्क्सचं मैदान हाकेच्या अंतरावर. 2025 मध्ये सोडतीत न्यूयॉर्क आयलँडर्स पुढे गेले. शार्क्सला दुसरा क्रमांक मिळाला आणि त्यांनी मायकेल मीसा हा सेंटर, म्हणजे मध्य आघाडीचा खेळाडू, घेतला.

निवडीतला क्रमांक मुलाला आयुष्यभर चिकटतो. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत एकेकाळी आलेल्या मुलामुलींना पन्नाशीतही 'बोर्डात आलेला' किंवा 'बोर्डात आलेली' म्हणून ओळखतात, तसंच हे. पण यादी किती सांगते? याच संघाचं 1995 साल पाहा. पहिल्या फेरीत, बाराव्या क्रमांकावर, शार्क्सने तेमू रिहियार्वी हा फिनलंडचा खेळाडू घेतला. तो या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. त्याच वर्षी 116 व्या क्रमांकावर त्यांनी आणखी एक फिनिश मुलगा घेतला, मिका किप्रुसॉफ. पुढे कॅल्गरीकडून खेळताना 2006 मध्ये त्याला लीगमधल्या सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना करंडक मिळाला. म्हणजे हिरा संघाच्या हाती आला होता आणि मोठा मात्र दुसऱ्याच गावात झाला.

जो पावेल्स्की 2003 मध्ये 205 वा होता. विस्कॉन्सिनमधल्या एका छोट्या गावचा मुलगा, वेगाने फार तेज नाही, अंगाने दांडगा नाही. तो शार्क्सचा कर्णधार झाला आणि कारकिर्दीत गोल आणि गोलसाहाय्य मिळून हजारावर गुण जमवून निवृत्त झाला. इव्हगेनी नाबोकोव्ह 1994 मध्ये 219 वा. निवड तेव्हा नऊ फेऱ्यांहून लांब चालायची, म्हणून तरी तो सापडला. कझाकस्तानातून आलेल्या या गोलरक्षकाला 2001 मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक मिळाला, आणि निवृत्तीनंतर याच संघातल्या गोलरक्षकांना शिकवायला तो परत आला.

अठराव्या वर्षी माणूस ओळखता येत नाही, एवढंच यातून निघतं असं कुणी म्हणेल. मला त्यापुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. निवड झाल्यावर त्या मुलाचं कोण काय करतं?

उत्तरासाठी 1997 पर्यंत मागे जावं लागेल. त्या वर्षी पहिला क्रमांक जो थॉर्नटनचा. त्याला बॉस्टनने घेतलं. दुसरा पॅट्रिक मार्लो, तो शार्क्सने घेतला. मार्लो सस्कॅचेवान प्रांतातल्या ॲनरॉइड नावाच्या खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. ऑक्टोबरमध्ये तो पहिला सामना खेळला तेव्हा अठरावं सरून जेमतेम पंधरवडा झाला होता. असा मुलगा सॅन होजेसारख्या शहरात एकटा सोडायचा कसा? संघाचा ज्येष्ठ गोलरक्षक केली ह्रूडी आणि त्याच्या बायकोने त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. त्यांच्या लहान मुलींच्या घरात हा एक मोठा मुलगा आला. मार्लो पुढे 1,779 सामने खेळला. गॉर्डी हाऊचा 1,767 सामन्यांचा विक्रम त्याने 2021 मध्ये मोडला. लीगच्या इतिहासात त्याच्याहून जास्त सामने कुणीही खेळलेलं नाही.

थॉर्नटन 2005 मध्ये बॉस्टनहून इथे आला आणि दोघं वर्षानुवर्षं एकत्र खेळले. दोघंही आता निवृत्त आहेत, दोघांचेही क्रमांक, 12 आणि 19, मैदानाच्या छताला टांगलेले आहेत. आणि 2024 च्या शरद ऋतूत, पदार्पणाच्या मोसमात, सेलेब्रिनी राहायला गेला थॉर्नटनच्या घरी, आणि 2023 च्या निवडीतला चौथा, विल स्मिथ, गेला मार्लोच्या घरी. ह्रूडींनी जे मार्लोसाठी केलं, तेच मार्लोंनी स्मिथसाठी केलं. हे कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं. घरी जेवायला काय आहे, सामना हरून आल्यावर बोलायचं की गप्प बसू द्यायचं, आईला फोन केलास का, हे विचारणारं माणूस घरात असणं, याची किंमत गुणांत कशी मांडणार? पण त्या मोसमात सेलेब्रिनीने 70 सामन्यांत 63 गुण केले आणि स्मिथने 74 सामन्यांत 45, हे तर डोळ्यांसमोर आहे. इतक्या हरणाऱ्या संघात कोवळी मुलं कोमेजतात. ही दोघं कोमेजली नाहीत, याचं बरंचसं श्रेय मी त्या दोन घरांना देते.

स्मिथबाबत संघाने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. मोसमाच्या सुरुवातीला लागोपाठ दोन दिवस सामने आले की त्यांतल्या एका सामन्यात त्याला बाहेर बसवायचं आणि तो वेळ व्यायामाला, ताकद वाढवायला द्यायचा. तेव्हा मैदानात कुरकुर ऐकू येत होती: चौथ्या क्रमांकाचा खेळाडू आणि बाकावर? मोसमाच्या उत्तरार्धात तो असा काही खेळला की कुरकुर आपोआप थांबली. सरव्यवस्थापक माइक ग्रिअर स्वतः हजारावर सामने खेळलेले आहेत, नवव्या फेरीत निवडले गेलेले. घाई कशाला म्हणतात ते त्यांना ठाऊक असणार.

जुलैच्या सुरुवातीला नवोदितांचं शिबिर भरतं. संघ जिथे सराव करतो तो रिंक सार्वजनिक आहे. शेजारच्याच बर्फावर चार-पाच वर्षांची मुलं आधाराची चौकट ढकलत पहिली पावलं टाकत असतात, आणि त्यांत आपली मराठी मुलंही आता बरीच दिसतात. बाहेर डांबर तापलेलं, आत शिरताना स्वेटर चढवायचा. बाकं लाकडी आणि गार. पोरांच्या अंगावर सत्तरी-ऐंशीतले क्रमांक असतात, म्हणून हातात यादी धरून कोण कोणता ते जुळवत बसावं लागतं. निवडलेल्यांबरोबर न निवडलेलेही काही बोलावलेले असतात. त्यांच्या अंगावरचा गणवेश तोच, पण करार नाही, हमी नाही.

2025 च्या शिबिरात मी बराच वेळ एका गोलरक्षकाकडे बघत होते. प्रशिक्षक त्याला एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सरकायला लावत होते. पक नाहीच. गुडघे टेकायचे, उजव्या पायाच्या पात्याने बर्फ रेटायचा, घसरत पलीकडे, खांबाला पायाची टोच लावायची, उठायचं, पुन्हा. दर खेपेला पात्याचा करकर आवाज आणि बर्फाचा भुगा. काही वेळाने त्या अर्धवर्तुळातला बर्फ पांढरट, खडबडीत झाला. एकदा तो खांबाला नीट टेकला नाही, बोटभर फट राहिली. प्रशिक्षकांनी काठीचं टोक त्या फटीत घातलं, काही बोलले नाहीत. त्याने मान डोलावली आणि सुरुवातीच्या जागी परत गेला. जानेवारीत भरलेल्या मैदानात गोल वाचला म्हणून आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा ती बोटभर फट केव्हाच बुजवलेली असते.

या मुलांपुढे वाटा अनेक. कुणी कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये, कुणी अमेरिकी विद्यापीठात, कुणी युरोपात, आणि पुढची पायरी शार्क्सचाच दुय्यम संघ, सॅन होजे बाराकुडा. त्यात 2025 मध्ये एक जाचक नियम होता. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून आलेला मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंत त्याला दुय्यम संघात पाठवता येत नसे. एकतर थेट मोठ्यांत खेळवा, नाहीतर ज्युनियरला परत पाठवा. सॅम डिकिन्सन या शार्क्सच्या बचावपटूची तेव्हा नेमकी हीच अडचण होती. 2024-25 च्या मोसमात लंडन नाइट्स या ज्युनियर संघाकडून 55 सामन्यांत त्याने 91 गुण केले. बचावपटूने! जूनमध्ये तो आणि शार्क्सचाच कॅस्पर हाल्टुनेन ज्युनियर हॉकीचा मेमोरियल करंडक जिंकून आले. आदल्या वर्षी याच दोघांना अंतिम सामन्यात हरवणाऱ्या सॅगिनॉ संघात मीसा होता. त्या उन्हाळ्यात तिघंही एकाच गणवेशात. डिकिन्सनला ज्युनियरमध्ये शिकण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, आणि मोठ्या लीगमधल्या तिशीतल्या दांडग्या खेळाडूंशी रोज झुंजणं एकोणीस वर्षांच्या शरीराला झेपेलच असं नव्हतं. मधली पायरी नियमाने बंद. लीग आणि खेळाडूंच्या 2025 मध्ये ठरलेल्या करारात एका संघाला एका एकोणीस वर्षांच्या मुलापुरती सूट मान्य झाली, पण ती 2026 च्या मोसमापासून. विद्यापीठांनीही 2025 च्या ऑगस्टपासून ज्युनियर खेळाडूंना दारं उघडली. हे बदल फार आधी व्हायला हवे होते.

2025 च्या जूनमधली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दुय्यम संघांच्या लीगमधला विजेतेपदाचा काल्डर कप त्या वर्षी ॲबट्सफर्ड कनक्स या व्हँकुव्हरच्या दुय्यम संघाने जिंकला. प्रशिक्षक होते मॅनी मल्होत्रा. वडील भारतीय, आई फ्रेंच-कॅनेडियन. 2009-10 मध्ये ते शार्क्सकडूनही खेळले होते. ॲबट्सफर्डच्या संघातला अर्शदीप बैन्स हा कॅनडातल्या सरे शहरातल्या पंजाबी घरातला मुलगा. 224 नावांच्या यादीत त्याचं नाव कधीच आलं नाही. 2021-22 मध्ये वेस्टर्न हॉकी लीग या ज्युनियर लीगमध्ये सर्वाधिक, 112 गुण केले तेव्हा व्हँकुव्हरने त्याला करार दिला. दीडेक वर्ष दुय्यम संघात घासल्यावर 2024 च्या फेब्रुवारीत तो मोठ्या लीगमध्ये उतरला. इथल्या रिंकवर चौकट ढकलणाऱ्या आपल्या पोरापोरींच्या आईबापांनी हे नाव लक्षात ठेवावं.

खरं तर आईबापांपेक्षा आम्हा प्रेक्षकांनी. विसाव्या वर्षी एखाद्याला 'वाया गेला' म्हणून मोकळं होणं या शहरात फार सोपं झालं आहे. तीन सामने वाईट गेले की विकून टाका, असं मागच्या रांगेतून ऐकू येतं. मला ते ऐकवत नाही. या मुलांना घर सुटून फार वर्षं झालेली नसतात.

बे एरियातल्या वाचकांना म्हणून एक विनंती. शार्क्सचं तिकीट परवडलं नाही तरी हरकत नाही. टेक सीयू अरीनात बाराकुडाचे सामने असतात, जागा मोजून चारेक हजार, कुठूनही बर्फ जवळ दिसतो. मुलांना घेऊन जा. यादीतला क्रमांक बघू नका. एखादं पोर निवडा आणि मोसमभर त्याचा खेळ बघा.