विनामूल्य ग्रंथ आणि वाचकांचे मौन

मराठी नियतकालिकांत एके काळी 'साभार पोच' या मथळ्याखाली एक छोटे सदर येत असे. लेखकाने वा प्रकाशकाने परीक्षणासाठी पुस्तकाच्या दोन प्रती धाडावयाच्या आणि परीक्षण छापणे जमले नाही तर संपादकाने निदान पुस्तक पोहोचल्याची नोंद करावयाची, असा तो रिवाज होता. पुस्तकाचे व लेखकाचे नाव, पृष्ठे आणि किंमत यांपलीकडे त्या नोंदीत क्वचितच काही असे. तरीही आडगावच्या नवोदित लेखकाला तिचे अप्रूप वाटे. कारण आपले पुस्तक कोणाच्या तरी हाती पडले, याचा तो छापील पुरावा होता. आज स्वतःच पुस्तक सिद्ध करून ते वाचकांना विनामूल्य देणाऱ्या लेखकांची संख्या वाढत असताना एवढी पोचही बहुतेकांच्या वाट्याला येत नाही.

हे लेखक पुस्तके फुकट का देतात, याचे उत्तर औदार्यात शोधण्याचे कारण नाही. प्रकाशकाचे दार सर्वांसाठी उघडत नाही. पदरमोड करून हजार प्रती छापल्या, तर त्यातील निम्म्या माळ्यावर पडून राहण्याची शक्यता अधिक, हे मराठी ग्रंथव्यवहाराशी थोडासा परिचय असलेल्या कोणालाही ठाऊक आहे. ई-पुस्तकाने कागद, छपाई आणि वितरण हे तिन्ही अडसर एकदम दूर केले. ई-साहित्य प्रतिष्ठानसारख्या संस्थेने तर शेकडो मराठी पुस्तके वाचकांना विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत. या संस्थेची मागणी मोठी मार्मिक आहे. पुस्तक वाचून झाल्यावर वाचकाने केवळ तीन मिनिटे खर्चावीत : एक लेखकाला आपले मत कळविण्यासाठी, एक संस्थेला कळविण्यासाठी आणि एक परिचितांना त्या पुस्तकाविषयी सांगण्यासाठी. पैशाच्या जागी अभिप्राय हेच मूल्य ठरविणारा हा व्यवहार आहे आणि तो सर्वस्वी न्याय्य आहे.

परंतु व्यवहाराची दुसरी बाजू पाळली जाते असे दिसत नाही. पुस्तक उतरवून घ्यावयाचे, दहा जणांना पुढे पाठवावयाचे आणि विसरून जावयाचे, अशीच सर्वसाधारण रीत आहे. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या पुस्तकांत चोरून प्रती काढलेली पुस्तके इतकी असतात, की लेखकाने राजीखुशीने दिलेले पुस्तक कोणते, हे वाचकाच्या ध्यानातच येत नाही. तिसरे कारण अधिक सहानुभूतीने पाहावयास हवे. मत देणे हे समीक्षकांचे काम, आपण सामान्य माणसाने काय लिहावे, असा संकोच मराठी वाचकाच्या मनात खोल रुजलेला आहे. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ साली आणि 'निबंधमाला' १८७४ साली निघाली, तेव्हापासून ग्रंथपरीक्षणाची जी भारदस्त परंपरा आपल्याकडे निर्माण झाली, तिचा धाकही या संकोचामागे असावा.

विकल्या जाणाऱ्या पुस्तकाच्या बाबतीत या मौनाने फारसे बिघडत नाही. दोनशे रुपये मोजून घेतलेले पुस्तक वाचक निदान उघडून पाहतो. शिवाय विक्रीचा आकडा हाही एक प्रकारचा अभिप्रायच असतो. विनामूल्य पुस्तकाचा आकडा मात्र मुका आहे. पाच हजार लोकांनी ते उतरवून घेतले, यावरून पाच हजारांनी ते वाचले असे सिद्ध होत नाही. पाच जणांनी वाचले असेही सिद्ध होत नाही. दिवसभर नोकरी करून रात्री जागून कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला आपल्या लेखनाचे काय झाले, हे कळण्याचा वाचकाच्या शब्दाखेरीज दुसरा मार्गच उरत नाही. स्तब्धतेचा अर्थ तो स्वाभाविकपणे नकार असा लावतो आणि दुसरे पुस्तक लिहिण्याच्या भानगडीत पडत नाही. त्यात एखादा चांगला लेखक गमावला गेला, तर त्याची नोंदही कोठे होत नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे. प्रकाशनसंस्थेत हस्तलिखितावर संपादकाची दृष्टी फिरते. स्वतंत्र लेखकाला ती सोय नाही; त्याचा पहिला संपादक वाचकच. अँडी वीअर या अमेरिकन लेखकाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मंगळावर एकट्या अडकलेल्या अंतराळवीराची 'द मार्शियन' ही कादंबरी त्याने प्रकरणाप्रकरणाने आपल्या संकेतस्थळावर फुकट दिली. रसायनशास्त्र जाणणाऱ्या वाचकांनी तिच्यातील चुका दाखविल्या, त्याने त्या सुधारल्या. किंडलवर वाचता यावी अशी मागणीही वाचकांचीच. तेथे स्वतः फुकट ठेवता येईना म्हणून त्याने तिला सर्वांत कमी, म्हणजे ९९ सेंट इतकी किंमत लावली. पुढे २०१४ साली नामांकित प्रकाशनसंस्थेने ती छापली आणि २०१५ साली तिच्यावर चित्रपटही आला. असे भाग्य लाखात एखाद्याचे, हे खरे. पण त्या यशाआधी चुका दाखविणारी पत्रे आली होती, हे विसरता येत नाही.

किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या अखेरीस आली. तेथील एका योजनेत ई-आवृत्ती अन्यत्र न देण्याच्या अटीवर लेखकाला दर नव्वद दिवसांत पाच दिवस पुस्तक विनामूल्य देता येते. या पाच दिवसांत पुस्तक नेणाऱ्यांपैकी काही जण मत नोंदवतील आणि ते वाचून पुढे कोणी विकत घेईल, एवढीच त्यामागची अपेक्षा. गंमत अशी की, मत नोंदविण्यासाठी त्या दुकानात गेल्या वर्षभरात ठराविक रकमेची खरेदी केलेली असावी लागते. खोटी मते रोखण्यासाठी घातलेल्या या अटीत केवळ विनामूल्य पुस्तके घेणारा वाचक बसतच नाही. म्हणजे ज्याला बोलता येत नाही तो बोलत नाही, आणि ज्याला येते तोही बोलत नाही!

अर्थात प्रत्येक अभिप्राय मोलाचा असतो असे नव्हे. प्रतिलिपीसारख्या व्यासपीठावर मराठी कथांखाली मतांचा सुकाळ आहे. पण 'छान', 'अप्रतिम', 'पुढचा भाग केव्हा?' यांपलीकडे त्यातील फारच थोडी मते जातात. अशा कौतुकाने लेखक सुखावतो, शिकत नाही. याहून वाईट म्हणजे कृत्रिम स्तुती. एका नामवंत ब्रिटिश रहस्यकथाकाराने टोपणनावांनी आपल्याच पुस्तकांची वाहवा आणि प्रतिस्पर्ध्यांची निंदा केल्याचे २०१२ साली उघडकीस आले व त्याला ते कबूल करावे लागले. मित्रमंडळींकडून पाच तारे मिळविणारे आपल्याकडील लेखकही त्याच वाटेने चालले आहेत. अशा स्तुतीने सर्वांत मोठा तोटा होतो तो प्रामाणिक लेखकाचा, कारण मग खऱ्या मतावरही कोणाचा विश्वास बसत नाही. लेखकांनीही हे ओळखावयास हवे, की मत मागितल्यावर प्रतिकूल मत ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. मधली तीन प्रकरणे कंटाळवाणी झाली आहेत, हे सांगणारा वाचक शत्रू नसतो.

वाचकाकडून विद्वत्तेची अपेक्षा कोणी करीत नाही. पुस्तक कोठपर्यंत वाचले, कोठे सोडावेसे वाटले, कोणते पात्र मनात राहिले आणि ते कोणाला वाचावयास सांगता येईल, एवढे चार-पाच वाक्यांत लिहिले तरी पुरे. परंतु सारा भार त्याच्या एकट्यावर टाकणेही योग्य नाही. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत छापील पुस्तकांना जागा मिळते, केवळ ई-रूपात निघालेल्या पुस्तकांना क्वचितच. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालये राज्यात आहेत आणि त्यांपैकी अनेकांत वाचकांच्या बैठका भरतात. महिन्याकाठी एक विनामूल्य पुस्तक निवडून त्यावर तेथे चर्चा झाली आणि तिचा गोषवारा लेखकाकडे धाडला, तर त्यासाठी शासनाच्या परवानगीची वा जादा निधीची गरज पडणार नाही. बैठकीच्या वृत्तांताची एक प्रत टपालाने वा ई-पत्राने रवाना करणे, एवढेच ग्रंथपालाचे काम वाढेल.