लहान फडताळाचा संसार

जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रेडिओ-दुर्बिणी पुष्कळांनी पाहिल्या असतील. एकंदर 30 तबकड्या, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. त्यांच्यावर आकाशातून जे येते ते सगळे सहसा कोणी जसेच्या तसे भरून ठेवत नाही. गणिते करून, सरासरी काढून जे उरते तेवढेच जपतात. श्रीमंताघरची ही रीत, मग गरिबाघरचे काय सांगावे!

शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, डोंगराकडच्या एका शाळेत मी असा एक गरीब संगणक पाहिला. जागा सारी 16 जीबी. तिच्यात धडे आहेत, चित्रे आहेत आणि मुलांनी म्हाताऱ्या माणसांचे मुद्रित केलेले बोलणेही आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. ते डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता थकली. तेव्हा जागेची काटकसर कुठे करावी आणि कुठे मुळीच करू नये, हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही.

संगणकाची फाइल-व्यवस्था म्हणजे फडताळाचे कप्पे आणि दारावर लावलेली यादी. लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट-4 पद्धतीत कप्पा बहुधा 4 केबीचा असतो. तीन ओळींची चिठ्ठी ठेवली तरी तो अख्खा अडतो. शिवाय शेकडा 5 जागा व्यवस्थापकासाठी राखीव. 16 जीबीत ती 800 एमबी झाली! निव्वळ साठवणीच्या भागात ती शेकडा 1 वर आणावी. काही बिघडत नाही.

धडे रोज बदलत नाहीत. ते स्क्वॉशएफएस पद्धतीने, केवळ वाचण्यापुरते, दाबून बांधावेत. 2009 पासून ही सोय लिनक्सच्या गाभ्यातच आहे. मजकूर छान आकसतो. चित्रफिती आधीच दाबलेल्या, त्या फारशा आकसत नाहीत. गाठोडे न सोडता हवे ते पान वाचता येते आणि तिथे काही लिहिलेच जात नसल्याने अचानक वीज गेली तरी घडी मोडत नाही.

मुलांच्या कामाला मात्र लिहिण्याचा कप्पा हवा. तिथे ‘नोएटाइम’ हा पर्याय लावावा. एरवी फाइल नुसती वाचली तरी संगणक अधूनमधून त्याची वेळ टिपत बसतो, आणि फ्लॅश साठवण तर लिहून लिहूनच झिजते.

काही जाणकार पुढे सांगतात, जर्नल ही नोंदवहीही बंद करा, आणखी जागा सुटेल. मी म्हणेन, ते नको. यादीत करायचा बदल आधी या वहीत चढतो. मध्येच वीज गेली, तर तिच्यावरून यादी पुन्हा जुळते. अर्धवट राहिलेले मुद्रण ती वाचवणार नाही, पण तेवढ्यासाठी सारे फडताळ विस्कटू देत नाही. शिवाय एक प्रत दुसरीकडे ठेवावीच.

धडे काय, पुन्हा कुठूनही आणता येतील. बुडालेल्या गावाची वाट सांगणारा आजोबांचा आवाज कोणत्या बाजारातून आणणार?