विंडोज ७ : यंत्र आपले, किल्ली कुणाची?

मायक्रोसॉफ्टची विंडोज ७ ही ऑपरेटिंग सिस्टीम २२ ऑक्टोबर २००९ रोजी बाजारात आली आणि तेव्हा तिचे कौतुक थांबत नव्हते. गाणी, फोटो, सिनेमा यांचा अनुभवच बदलून जाणार, एका खोलीतल्या कॉम्प्युटरवरचे गाणे दुसऱ्या खोलीत वाजणार, कॉम्प्युटरवर टीव्ही बघता येणार, वगैरे वगैरे. मात्र हा अनुभव नेमका कुणाला मिळणार, हा प्रश्न या कौतुकात कुठेच विचारला गेला नाही. हप्त्यावर पहिला कॉम्प्युटर घेणाऱ्या आपल्या पोराला तो मिळणार होता का?

याचे उत्तर जाहिरातीत सापडत नाही. ते आवृत्त्यांच्या तक्त्यात सापडते. विंडोज ७ ही एक वस्तू नाही, ती एक उतरंड आहे. तळाला स्टार्टर, तिच्यावर होम बेसिक, मग होम प्रीमियम, प्रोफेशनल आणि सगळ्यात वर अल्टिमेट. मोठ्या कंपन्यांसाठी एंटरप्राइज वेगळी. ज्या मल्टिमीडियाचा एवढा गाजावाजा चालला होता, तो बहुतांशी होम प्रीमियमपासून सुरू होतो. स्टार्टर आणि होम बेसिकमध्ये मीडिया सेंटर नाही. डीव्हीडी तयार करण्याचा प्रोग्रॅम नाही. एवढेच काय, साधी सिनेमाची डीव्हीडी लावली तरी ती या दोन आवृत्त्यांत आपोआप चालत नाही, कारण तिच्यासाठी लागणारा एमपेग-२ चा कोडेक त्यात दिलेलाच नाही. घरातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडून गाणी-फोटो वाटून घेण्यासाठी होमग्रुप नावाची नवी सोय होती. खालच्या दोन आवृत्त्यांना दुसऱ्याने तयार केलेल्या होमग्रुपमध्ये सामील होता येत असे, पण स्वतःचा होमग्रुप तयार करता येत नसे!

स्टार्टरची तर कमालच आहे. स्वस्त नेटबुकवर ही आवृत्ती कंपनीकडूनच टाकून येत असे. तिच्यात पडद्यावरचा वॉलपेपर बदलण्याची सोय काढून टाकली आहे. म्हणजे स्वतःच्या पैशाने घेतलेल्या कॉम्प्युटरवर आपल्या पोराला बाबासाहेबांचा फोटो लावायचा असेल, तर ही आवृत्ती म्हणते, नाही, आम्ही दिलेलेच चित्र राहील. फोटो लावायला यंत्राची कोणती जास्तीची ताकद लागते? काहीही लागत नाही. ही अडवणूक यंत्राच्या मर्यादेतून आलेली नाही, ती जाणूनबुजून केलेली आहे.

होम बेसिकची गोष्ट तर थेट आपल्याशी संबंधित आहे. ही आवृत्ती अमेरिकेत, पश्चिम युरोपात, जपानमध्ये विकलीच जात नव्हती. भारत, चीन, ब्राझील, मेक्सिको अशा ‘उभरत्या बाजारपेठां’साठी ती खास बनवलेली होती. तिकडचा सामान्य ग्राहक जिथून सुरुवात करत होता, त्याच्या एक पायरी खाली आपली सुरुवात ठेवलेली होती.

यावर काही मित्र लगेच म्हणतील, ‘यात गैर काय? कमी पैशात कमी माल. एसटीचे लाल गाडीचे तिकीट काढून एशियाडमध्ये बसायला मिळते का?’ हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. एशियाड बांधायला महामंडळाला जास्त खर्च येतो. तिची आसने वेगळी, तिची गाडीच वेगळी. विंडोज ७ मध्ये तसे नव्हते. वरच्या आवृत्तीच्या फाइली खालच्या आवृत्तीबरोबर तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आधीच आलेल्या असत. पुरावा पाहिजे? कंपनीचीच तेव्हाची ‘एनीटाइम अपग्रेड’ ही योजना बघा. पैसे भरायचे, अंकाक्षरांची एक किल्ली घ्यायची, ती टाइप करायची आणि थोड्याच वेळात स्टार्टरची होम प्रीमियम होत असे. नवी सीडी-डीव्हीडी लागत नसे. म्हणजे माल तुमच्या घरातच पडून होता, फक्त खोलीला कुलूप होते. अमेरिकेत या किल्लीची किंमत ७९.९९ डॉलर होती.

दुसरा युक्तिवाद पेटंटचा. डीव्हीडीच्या तंत्रावर पेटंटे होती, त्यांचे पैसे कंपनीला प्रत्येक प्रतीमागे भरावे लागत, म्हणून स्वस्त आवृत्तीत ती सोय देता येत नव्हती. हे खोटे नाही. पण आकडा किती होता, तेही सांगा ना! एमपेग-२ चा परवाना देणारी एमपेग एलए ही संस्था एका प्रतीमागे अडीच डॉलर घेत होती, २०१० पासून दोन डॉलर. डॉल्बीच्या आवाजाचे पैसे वेगळे. कुठे दोन-अडीच डॉलर आणि कुठे ऐंशी डॉलर! खर्च हे कारण असते तर डीव्हीडीची सोय तेवढे दोन डॉलर घेऊन वेगळी विकता आली असती. तशी ती विकली गेली नाही, कारण डीव्हीडी हे इथे आमिष होते आणि खरा उद्देश माणसाला पुढच्या पायरीवर चढवून जास्त पैसे काढण्याचा होता.

या उतरंडीची जातिव्यवस्थेशी बरोबरी करण्याचा उथळपणा मी करणार नाही. जात जन्माने चिकटते, तिने माणसांचे पाणी तोडले, जीव घेतले. सॉफ्टवेअरची आवृत्ती पैसे टाकून बदलता येते. पण पायऱ्यांची रचना माणसांना गप्प कशी बसवते, हे बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेच्या विश्लेषणात दाखवून दिले आहे. प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असले की वरच्याविरुद्ध सगळे एक होत नाहीत. होम बेसिकवाला स्टार्टरकडे बघून समाधान मानतो, प्रीमियमवाला बेसिककडे बघून. ही कुलपे मुळात घातली कुणी आणि का, हा प्रश्न मागे पडतो. हे विश्लेषण ज्यांनी वाचले आहे, त्यांनी तरी बाजारातल्या पायऱ्या डोळे मिटून मान्य करू नयेत.

आता युरोपकडे बघा. २००४ साली युरोपियन कमिशनने मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोचा दंड ठोठावला. विंडोजबरोबर मीडिया प्लेअर सक्तीने गळ्यात मारून कंपनी बाकीच्या प्लेअर बनवणाऱ्यांना बाजारातून हुसकावते, हा त्या प्रकरणातला एक मुख्य आक्षेप होता. प्लेअर नसलेली आवृत्तीही विकायला काढा, असा आदेश झाला. २००७ मध्ये न्यायालयाने तो कायम केला आणि म्हणूनच विंडोज ७ चीही ‘एन’ आवृत्ती तिथे मिळत होती. दक्षिण कोरियानेही २००५ मध्ये असाच दंड केला. ‘एन’ आवृत्ती तिथे फारशी कुणी घेतली नाही, कारण किंमत तीच ठेवली होती. तरीही तिथल्या सरकारांनी प्रश्न विचारला हे महत्त्वाचे. आपल्याकडे काय चित्र आहे? अनेक शासकीय नोकऱ्यांसाठी एमएस-सीआयटी मागितली जाते आणि त्या अभ्यासक्रमात पोरे विंडोज आणि एमएस ऑफिस शिकतात. ‘कॉम्प्युटर येतो’ म्हणजे ‘एका कंपनीचा कॉम्प्युटर येतो’ असा अर्थ आपण रूढ करून टाकला आहे. तिकडे केरळने आयटी@स्कूल प्रकल्पातून सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या. केरळला जमले ते फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राला का जमू नये?

आतापर्यंत मी बघण्या-ऐकण्याबद्दल बोललो. माझा खरा आक्षेप पुढचा आहे. विंडोज एक्सपी आणि व्हिस्टामध्ये मूव्ही मेकर नावाचा साधा प्रोग्रॅम सोबत येत असे. मोबाइलवर किंवा हँडीकॅमवर घेतलेले मोर्चाचे चित्रण त्यात कापता-जोडता येई, त्यावर आपल्या आवाजात निवेदन रेकॉर्ड करता येई. विंडोज ७ मधून तो काढून टाकला आहे. अगदी अल्टिमेटमध्येही तो नाही! त्याच्या जागी विंडोज लाइव्ह मूव्ही मेकर इंटरनेटवरून उतरवून घ्या, असे तेव्हा सांगितले गेले. तालुक्याच्या ठिकाणी सायबर कॅफेत बसून एवढी मोठी फाइल उतरवायला किती तास आणि किती रुपये लागत, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. आणि उतरवल्यावर हाती काय आले? जुन्यातली टाइमलाइन नाही आणि निवेदन रेकॉर्ड करण्याची सोयही नाही. साउंड रेकॉर्डरचेही तेच. एक्सपीमधल्या रेकॉर्डरमध्ये आवाजाची थोडीफार कापाकापी करता येई. विंडोज ७ मध्ये फक्त रेकॉर्ड करा आणि मायक्रोसॉफ्टच्याच डब्ल्यूएमए स्वरूपात साठवा.

बघण्याच्या, ऐकण्याच्या, विकत घेण्याच्या सोयी वाढल्या. बनवण्याच्या आणि बोलण्याच्या सोयी घटल्या. या नव्या ‘मल्टिमीडिया’चा आपल्यासाठी हा अर्थ आहे. आपण प्रेक्षक म्हणून हवे आहोत.

प्रेक्षक राहणे आपल्याला परवडणार आहे का? ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले. पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’. आपले म्हणणे दुसऱ्याच्या पत्रात दुसऱ्याच्या मर्जीने छापून येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही, आणि आपला छापखानाही उभा केला. छापखान्यासाठी पैसा लागत होता, खिळे लागत होते, कामगार लागत होते. आज एक साधा कॉम्प्युटर आणि माइक एवढ्यावर आवाज आणि चित्र दोन्ही तयार होते. गावोगावचे वृद्ध शाहीर आहेत, ज्यांची गाणी कुठेही नोंदलेली नाहीत. १९५६ चा धम्मदीक्षेचा सोहळा डोळ्यांनी पाहिलेली माणसे आहेत, नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेली माणसे आहेत. त्यांचे बोलणे आज रेकॉर्ड झाले नाही तर दहा वर्षांनी कुणाकडे जाणार? प्रसारमाध्यमे ते करून देतील, या भ्रमात कुणी राहू नये. हे काम आपल्यालाच करायचे आहे आणि त्यासाठी लागणारी अवजारे आपल्या ताब्यात हवीत.

इथे कुणी हसून म्हणेल, ‘भाऊ, कशाला एवढा ताप? असेंबल करून देणारा अल्टिमेटची कॉपी फुकट टाकून देतो.’ देतो, हे खरे आहे. पण कॉपीराइट कायद्याचे कलम ६३-ब वाचा. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर ती वापरणाऱ्याला किमान सात दिवस आणि कमाल तीन वर्षे कैद, शिवाय ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. संघटनेच्या कार्यालयातला कॉम्प्युटर जप्त करायला विरोधकांना एवढे निमित्त पुरे आहे. मोर्चाची परवानगी घेताना आपण शब्दन् शब्द तपासतो आणि कार्यालयात चोरीची प्रत ठेवतो, हे शहाणपण नव्हे. शिवाय चोरीच्या प्रतीने गुलामी सुटत नाही, सवय तेवढी पक्की होते. फुकट मिळालेले अल्टिमेट शिकलेला पोरगा उद्या नोकरीत तेच मागतो.

दुसरा मित्र म्हणेल, ‘व्हीएलसी टाका, सगळे चालते.’ अगदी बरोबर! व्हीएलसी हा पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला मुक्त प्लेअर आहे, तो फुकट आहे आणि स्टार्टरवरही डीव्हीडी चालवतो. पण हे ज्याला माहीत आहे त्याचे भागते. ज्याच्या घरात कॉम्प्युटर पहिल्यांदाच आला, त्याने डीव्हीडी लावली आणि चालली नाही, तर तो काय समजतो? डीव्हीडी खराब आहे, नाहीतर आपल्यालाच काही येत नाही. दोष कुलपाचा असतो आणि कमीपणा पोराला वाटतो. म्हणून माहिती असणाऱ्याने ती वस्तीत नेली पाहिजे. नुसती स्वतःपुरती अडचण सोडवून मोकळे होणे हा कार्यकर्त्याचा मार्ग नाही.

मग करायचे काय?

१) कॉम्प्युटर घेताना दुकानदाराला आवृत्तीचे नाव विचारा आणि तिच्यात काय नाही, ते बिल देण्याआधी वदवून घ्या.

२) विंडोज आहेच, तर तिच्यावर आजच व्हीएलसी आणि ऑडॅसिटी टाका. ऑडॅसिटीत आवाज रेकॉर्डही होतो आणि कापता-जोडताही येतो.

३) उबुंटूसारखी मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम वापरून पाहा. २०११ पर्यंत मागणी नोंदवली की तिची सीडी पोस्टाने मोफत येत असे. तिथेही तेव्हा पेटंटच्या भानगडीमुळे एमपी३ आणि डीव्हीडी पहिल्या दिवशी चालत नसत, कोडेक वेगळे उतरवावे लागत. पण फरक असा की तिथे श्रीमंताची आणि गरिबाची आवृत्ती वेगळी नाही. एका गावात एकाने कोडेक उतरवून सीडीवर घेतले की बाकीच्यांना ते देता येतात.

४) प्रत्येक वस्तीतल्या अभ्यासिकेत एका रविवारी रेकॉर्डिंग आणि संपादन शिकवण्याचे शिबिर ठेवा. पहिला धडा म्हणून आपल्याच वस्तीतल्या एका ज्येष्ठ माणसाची मुलाखत घ्या.

५) महाराष्ट्र शासनाकडे मागणी करा की शासकीय संगणक अभ्यासक्रमात मुक्त सॉफ्टवेअर आणि दृक्‌श्राव्य संपादन सक्तीचे करावे. निवेदने द्या, पाठपुरावा करा.

कुणी म्हणेल, एवढ्या बलाढ्य कंपनीपुढे आपले काय चालणार? स्टार्टर आवृत्तीत एका वेळी तीनच प्रोग्रॅम चालवू देण्याची अट आधी घातली होती. जगभरातून टीका झाली आणि मे २००९ मध्ये, बाजारात येण्याआधीच, कंपनीला ती मागे घ्यावी लागली. वॉलपेपरचे, डीव्हीडीचे कुलूपही याच मार्गाने निघू शकले असते. पण अशी कुलपे निघण्याची वाट पाहत बसू नका. शाहिरांची वये झाली आहेत. येत्या १४ एप्रिलच्या आधी निदान एकाचे गाणे आणि त्याची कहाणी रेकॉर्ड करून गावाला ऐकवा.

जय भीम!