आयटीआय की विद्यापीठ : सरकारचा पैसा कुठे जायला हवा?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी चर्चा सुरू होते : अकरावी की आयटीआय? बहुतेक घरांत आयटीआयचा विचार गुण कमी पडले तरच होतो. सरकारी तिजोरीचा कलही फारसा वेगळा नाही.

आकडे काय सांगतात?
केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात उच्च शिक्षण विभागासाठी सुमारे ५० हजार कोटी, तर कौशल्य विकास मंत्रालयासाठी सुमारे ६ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. ही तुलना सरळ नाही. शासकीय आयटीआय राज्ये चालवतात आणि विद्यापीठांवर संशोधनाचाही भार असतो. तरीही दरी मोठी आहे.

परिणाम काय झाला?
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येच कबुली आहे : बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार १९ ते २४ वयोगटातील ५ टक्क्यांहून कमी कामगारांना औपचारिक व्यावसायिक शिक्षण मिळाले होते. जर्मनीत हेच प्रमाण ७५ टक्के, तर दक्षिण कोरियात ९६ टक्के होते. जर्मनीत शिकाऊ उमेदवार आठवड्यातले काही दिवस कंपनीत आणि काही दिवस शाळेत असतो. विद्यावेतन कंपनी देते, शाळेचा खर्च सरकार करते.

आता नवे काय?
मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १ हजार शासकीय आयटीआयच्या दर्जावाढीसाठी ५ वर्षांची, ६० हजार कोटींची योजना मंजूर केली. केंद्राचा वाटा ३० हजार कोटी, राज्यांचा २० हजार कोटी आणि उद्योगांचा १० हजार कोटी.

मग प्रश्न सुटला का?
नाही. पैसा इमारतीच्या रंगरंगोटीत गेला तर काहीच बदलणार नाही. तो आधी शिल्प निदेशकांच्या भरतीवर, कारखान्यात आज चालणाऱ्या यंत्रांवर आणि शिकाऊ उमेदवारीवर खर्च व्हावा. मात्र त्यासाठी विद्यापीठांच्या निधीला कात्री लावणे हा उपाय नव्हे. शासकीय महाविद्यालय कमकुवत झाले, तर खासगी शुल्क न परवडणाऱ्याच मुलांचे दार बंद होते.

खरी गरज दोन्ही वाटा जोडण्याची आहे. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय महाराष्ट्रात आहे. ही वाट रुंद करा. फिटर झालेल्या मुलीला पुढे इंजिनीअर होता येईल, अशी खात्री मिळाली, तर आयटीआय ही नाइलाजाची निवड उरणार नाही.