घर बघायला जुलैत जा

परवा ताईचा फोन आला. भाच्यानं वसईला फ्लॅट बघितलाय. सातवा मजला, इमारत अठरा वर्षांची, बाल्कनीतून खाडी दिसते. "वारं काय सुटतं रे तिथे!" मेच्या पहिल्या आठवड्यात बघून आले, टोकन द्यायचं ठरतंय, आणि कमी पडणाऱ्या पैशासाठी इथलं सोलापूरचं घर काढायचं घाटतंय. मी फोनवर "बघू" म्हणालो. (आमच्या घरात "बघू" म्हणजे "नाही", हे तिला माहीत आहे :) ) तर सविस्तर इथेच लिहितो, कारण आणखी दोन-तीन घरांत हाच विषय चालू आहे.

आपण सोलापूरचे लोक घर बघतो तेव्हा काय विचारतो? पाणी किती दिवसांआड येतं, बोअरला पाणी आहे का, पश्चिमेचं ऊन कुठल्या खोलीत येतं, आणि काळ्या मातीत पाया किती खाली नेलाय. सगळे प्रश्न बरोबर, पण इथले. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला. म्हणजे आपला जवळजवळ पावणेदोन वर्षांचा पाऊस एका दिवसात! आजोबांचं माळवद त्यात संध्याकाळपर्यंत सुद्धा टिकलं नसतं.

मी स्वतः ही चूक केलेली आहे, म्हणून बोलतोय. 2003 मध्ये मुंबईच्या उपनगरात आम्ही फ्लॅट घेतला तो एप्रिलमध्ये बघून. पश्चिमेची भिंत, मोठ्या खिडक्या, नुकताच दिलेला रंग. वा! जूनच्या शेवटी त्या भिंतीवर भारताच्या नकाशाएवढा डाग उमटला आणि दरवर्षी त्यात शेजारी राष्ट्रं सामील होत गेली. पाऊस तिकडे नैऋत्येकडून, वाऱ्याबरोबर आडवा येतो. आपल्यासारखा सरळ वरून पडत नाही. रंग नवा का होता, हे मला तेव्हा कळलं. कपाटातल्या सोलापुरी चादरींना बुरशी लागली तेव्हा आईला जे दुःख झालं ते वेगळंच. असो.

पण डाग ही वरवरची गोष्ट. खरी भानगड आत असते. खारी हवा आणि ओल काँक्रीटच्या बारीक भेगांतून सळईपर्यंत पोचते. सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे फुगून तो वरचं काँक्रीट ढकलून पाडतो. म्हणून हॉलमधला पीओपी बघत बसू नका. पार्किंगचं छत बघा, बाल्कनीची खालची बाजू बघा, संडास-बाथरूमचं छत बघा. खांबाला उभी चीर किंवा तपकिरी ओघळ दिसला की सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागा. आपल्या राज्यातल्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी व्हायला हवं, त्यापुढे दर तीन वर्षांनी. ताई, तुमची अठरा वर्षांची आहे. "रिपोर्ट नंतर दाखवतो" म्हणाले तर काय ते समजा.

दुसरं म्हणजे भरती. मोठा पाऊस आणि भरती एका वेळी आली की नाल्यांचं पाणी समुद्रात जातच नाही, मागे सरकतं. सातव्या मजल्याला काय फरक पडतो? मीटर, पंप, जमिनीखालची टाकी आणि लिफ्टचा खड्डा तर खालीच असतो ना! एजंटाला विचारू नका. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, पाणी कुठवर येतं. तो फळीवर हात ठेवून दाखवेल.

कागदांबद्दल थोडक्यात. 2017 पासून महारेरा आहे, नव्या प्रकल्पाची माहिती तिथे दिसते, आणि भाव कार्पेटवर ठरतो. पण त्याआधी पुऱ्या झालेल्या रीसेलच्या फ्लॅटला त्याचा आधार नाही. तिथे ओसी, मंजूर नकाशा आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हे वकिलाला दाखवून घ्यायचं. "बँक लोन देते म्हणजे सगळं क्लिअर" हे मला पटत नाही. वरळीच्या कॅम्पा कोलातले लोक वर्षानुवर्षं राहिल्यावर 2014 मध्ये बेकायदा मजल्यांवरून बाहेर पडले. आणि पाण्याकाठच्या सीआरझेडचा नियम मोडलेल्या कोचीजवळच्या मरडूतल्या चार इमारती जानेवारी 2020 मध्ये स्फोटकं लावून पाडल्या. खाडी दिसते म्हणजे खाडी जवळ आहे, एवढं तरी लक्षात घ्या!

आता मुख्य मुद्दा, ज्यावरून ताई रागावणार आहे. इथलं घर विकू नका. भाच्याला नोकरीसाठी तिकडे राहायलाच हवं, मान्य. मग दोन वर्षं त्याच भागात भाड्यानं राहू दे. दोन पावसाळे काढल्यावर त्याला कुठली गल्ली तुंबते आणि लोकलला किती वेळ लागतो, हे माझ्यापेक्षा जास्त कळेल. भाडं वाया जातं म्हणता, पण आम्ही आठ वर्षं वॉटरप्रूफिंगवर जे घातलं त्याला काय म्हणायचं? 2011 मध्ये तो फ्लॅट विकून परत आलो, तेव्हा यायला इथलं घर होतं. ते नसतं तर आम्ही त्याच भिंतीला दरवर्षी रंग देत बसलो असतो.

टोकन अजून दिलेलं नाही ना? मग जुलैपर्यंत थांबा. मी सिद्धेश्वरनं येतो, आपण दोघं जाऊन बघू. छत्री मात्र तुझ्याकडचीच घेऊ, आमच्या घरातल्या दोन्हीच्या काड्या मोडल्यात, आणि इथे कुणाला त्याची घाई नाही.