हजार घोडे आणि एक खड्डा

माझ्याकडे स्पोर्ट्स कार नाही. पूर्वी नव्हती, आणि पुढे येण्याची शक्यता आमच्या पासबुकाने केव्हाच निकालात काढलेली आहे. तरीही या विषयावर मी चार शब्द सुनावणार आहे. आपल्याकडे एखाद्या गोष्टीवर मत असायला ती गोष्ट घरात असावी लागते असा दंडक नाही. तसा असता तर अर्थसंकल्पावर बोलणारा एकही माणूस विरार लोकलमध्ये सापडला नसता.

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत जगात दोन पंथ आहेत, आणि दोन्हींचे प्रचारक माझ्या वाट्याला आले आहेत. पहिला पंथ 'जुनं ते सोनं'वाल्यांचा. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त इंजिनिअर या पंथाचे मठाधिपती. सगळी सोसायटी त्यांना नुसतंच 'काका' म्हणते. त्यांच्या दिवाणखान्यात जॅग्वार ई-टाइपचं चित्र फ्रेम करून लावलेलं आहे, आणि ते त्यांच्या लग्नाच्या फोटोपेक्षा मोठं आहे. काकू त्याबद्दल काही बोलत नाहीत. पण पुसताना त्या लग्नाचा फोटो आधी पुसतात आणि जॅग्वारला उरलेलं फडकं मिळतं, एवढं मी पाहिलेलं आहे.

दुसरा पंथ 'नवं ते सोनं'वाल्यांचा, म्हणजे माझ्या भाच्याचा. जगातल्या कुठल्याही वाहनाबद्दल त्याला एकच प्रश्न पडतो : "मामा, शून्य ते शंभर किती सेकंदांत?" एकदा त्याने हा प्रश्न माझ्या स्कूटरबद्दल विचारला. मी म्हटलं, "बाळा, शून्य ते साठ, तेही उतारावर. पुढचं परमेश्वराच्या हाती."

या दोघांच्या मध्ये बसून मी बरीच वर्षं चहा प्यालो आहे. आता माझा निकाल ऐका. रूपाच्या बाबतीत काका बरोबर आहेत, पण त्यांचं कारण चुकीचं आहे. सुरक्षिततेच्या बाबतीत भाचा बरोबर आहे, पण अर्धाच. आणि ताकदीच्या बाबतीत दोघांनाही अंगठे धरून उभं करायला पाहिजे.

आधी रूप. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ई-टाइप आली तेव्हा लोक थक्क झाले, यात नवल नाही. माल्कम सेयर नावाच्या, विमानाच्या कारखान्यातून आलेल्या गृहस्थाने गणितं मांडून तिचा आकार काढला होता. गणितातून एवढं सौंदर्य निघतं हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलं असतं तर निदान पस्तीस मार्क तरी पडले असते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९९६ साली ही गाडी चित्रं आणि शिल्पांबरोबर आपल्या कायमच्या संग्रहात घेतली. तेव्हा काका, तुमची फ्रेम मान्य.

पण काका पुढे म्हणतात, "तेव्हाच्या माणसांना सौंदर्यदृष्टी होती हो! आता ती राहिली नाही." हे मात्र साफ खोटं. एक तर तेव्हाच्या कुरूप गाड्यांची कॅलेंडरं कुणी छापली नाहीत, म्हणून त्या आपल्याला आठवत नाहीत. जुन्या काळातल्या सगळ्या बायका देखण्या होत्या असं जुने फोटो पाहून वाटतं, त्यातलाच हा प्रकार. दुसरं म्हणजे, ते सौंदर्य फुकट नव्हतं. त्याची किंमत आत बसणारा मोजत होता. १९५४ सालच्या मर्सिडीज ३०० एसएलचे दरवाजे पक्ष्याच्या पंखांसारखे वर उघडत. पाहणाऱ्याला मोठं काव्यमय वाटे. पण तिच्या खिडकीची काच खाली करण्याची सोय नव्हती. वारा हवा असेल तर काच काढून ठेवावी लागे. आत शिरण्यासाठी स्टिअरिंगचं चाक दुमडावं लागे. पुढे १९७१ साली लॅम्बॉर्गिनी काउन्टाश आली. ती एवढी देखणी आणि मागचं दिसण्याच्या बाबतीत एवढी आंधळी की रिव्हर्स घेताना चालक दार उघडून उंबऱ्यावर बसायचा आणि मान बाहेर काढून मागे बघायचा. तीच कसरत आमचा टेम्पोवाला रोज करतो. त्याचं चित्र कुणी फ्रेम करत नाही.

तिसरं कारण जास्त महत्त्वाचं. ई-टाइपचं ते लांब, जमिनीला टेकलेलं नाक आज बनवता येत नाही, ते दृष्टी गेली म्हणून नव्हे. युरोपातल्या नियमांनी आता पादचाऱ्याचाही विचार करायला लावला आहे. गाडीची धडक बसली तर माणसाचं डोकं बॉनेटवर आपटतं. बॉनेट आणि खालचं कठीण इंजिन यांच्यामध्ये थोडी पोकळी असली तर ते डोकं वाचण्याची आशा असते. म्हणून नाकं जाड आणि उंच झाली. डोळे मिचकावल्यासारखे उघडणारे-मिटणारे ते गोड दिवे गेले, तेही बऱ्याच अंशी अशाच नियमांमुळे. मोठ्या कारखान्यांतून त्यांच्या शेवटच्या गाड्या २००४ साली बाहेर पडल्या. माझ्यासारख्या जन्मजात पादचाऱ्याच्या डोक्यासाठी युरोपातल्या एका गाडीने आपलं नाक बिघडवून घेतलं, हे वाचून मला भरून आलं. आमच्या कॉर्पोरेशनने माझ्यासाठी फूटपाथसुद्धा सोडलेला नाही.

आजच्या गाडीच्या जाड नाकाला मी माफी दिली. तिच्या चेहऱ्याला मात्र देणार नाही. भाडं थकलेल्या भाडेकरूकडे घरमालक बघतो, तशी ती समोरच्याकडे बघते. तिरके डोळे, वासलेला जबडा, बाजूला कल्ले. त्यातली काही भोकं तर आतून चक्क बंद असतात. वारा जात नाही, नुसता धाक. हे कुठल्या नियमात लिहिलंय?

आता सुरक्षितता. इथे काकांच्या पंथाला मी एकच सांगेन : २००९ साली अमेरिकेत विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने केलेली एक धडक बघा. १९५९ सालची शेवरोले बेल एअर आणि २००९ सालची शेवरोले मालिबू, ताशी ६४ किलोमीटरने समोरासमोर. दोन्ही साध्या घरगुती गाड्या, पण मुद्दा तोच. पन्नास वर्षांपूर्वीची ती लांबलचक, 'तेव्हाचा पत्रा काय जाड होता'वाली गाडी कागदाच्या पुड्यासारखी चुरगळली. आतला पुतळा माणूस असता तर गेला असता. नव्या गाडीतला पुतळा पायाच्या किरकोळ दुखापतीवर सुटला.

जुन्या गाड्यांत स्टिअरिंगचा दांडा सरळ भाल्यासारखा चालकाच्या छातीवर रोखलेला असे. गाडीने स्वतः चुरगळावं आणि आतल्या माणसाला वाचवावं ही अक्कल बेला बारेनी या मर्सिडीजमधल्या इंजिनिअरची. तिला प्रत्यक्ष बाजारात यायला १९५९ उजाडलं. त्याच वर्षी व्होल्वोमधल्या निल्स बोलीन यांनी तीन टोकांचा पट्टा दिला, आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्या जगाला वापरू दिलं. एवढं पुण्य फार थोड्या कंपन्यांच्या खात्यावर आहे. मग १९७८ मध्ये चाकं घसरू न देणारे ब्रेक आले, १९८१ मध्ये त्याच मर्सिडीजने हवेची उशी आणली, १९९५ मध्ये गाडी भोवंडू न देणारी यंत्रणा.

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये यातलं काय होतं? पोर्शा ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. वळणावर घाबरून पाय उचलला की मागची बाजू पुढे यायला बघे. सुरुवातीच्या काही गाड्यांत यावर उपाय म्हणून पुढच्या बंपरच्या आत चक्क लोखंडी वजनं बसवली होती! जर्मन इंजिनिअर आणि आमचा कांदेवाला, दोघांचा तोल वजनांवर. पुढे १९७५ मध्ये तिची टर्बो आवृत्ती आली. पाय दाबल्यावर क्षणभर काहीच होत नसे, आणि मग सगळे २६० घोडे एकदम उधळत, नेमके वळणावर. लोकांनी तिचं नाव ठेवलं 'विधवा करणारी'.

यावर काकांचं उत्तर ठरलेलं. "अहो, पण तो मर्द स्वतःच्या जिवाशी खेळत होता, दुसऱ्याच्या नाही!" काका, ११ जून १९५५ ला ल माँच्या शर्यतीत मर्सिडीजची एक गाडी उडून गर्दीत घुसली आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मेले. ते कुणाच्या जिवाशी खेळायला आले होते? तिकीट काढून बघायला आले होते बिचारे.

इथपर्यंत भाचा मांडी ठोकून हसत असणार. त्याने थांबावं. आता त्याची पाळी आहे.

ताकद. १९६० च्या दशकातली पहिली ९११ दोन लिटरची, १३० घोड्यांची, सुमारे १०८० किलोची, १६१ सेंटिमीटर रुंद. आजची साधी ९११ घ्या : चारशेच्या जवळपास घोडे, दीड टनाच्या घरात वजन, १८५ सेंटिमीटर रुंदी. साठ वर्षांत माणसाचा कुल्ला एवढा रुंदावलेला नाही. आणि हे तर नाकासमोर चालणाऱ्यांतलं. २००५ सालच्या बुगाती व्हेरॉनला सोळा सिलिंडर, हजारावर एक घोडे आणि ते थंड ठेवायला दहा रेडिएटर. वेग ताशी ४०७ किलोमीटर. त्या वेगाने तिची शंभर लिटरची टाकी बारा मिनिटांत रिकामी होते. म्हणजे पुण्याहून टाकी भरून निघालात तर जेमतेम खोपोलीला वडा खायला थांबावं लागणार, आणि द्रुतगती मार्गाची सपाटीवरची मर्यादा आहे ताशी १००. क्रोएशियातल्या रिमाकची विजेवरची नेव्हेरा आणखी पुढे : १९०० वर घोडे, दोन टनांवर वजन आणि दोन सेकंदांच्या आत ताशी शंभर. दोन सेकंदांत मला साधी शिंक पुरी होत नाही.

आणि एवढं करून गंमत बघा. गाडी इतकी बंदिस्त झाली की इंजिनाचा आवाजच आत येईना. म्हणून २०११ सालच्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये तो स्पीकरमधून ऐकवायला सुरुवात झाली. ह्युंदाईने २०२३ मध्ये विजेच्या एका गाडीत नसलेले गिअर बदलल्याचे खोटे हिसके आणि नसलेल्या इंजिनाचा खोटा आवाज दिला. साखर सोडायची आणि चहात साखरेचा फोटो टाकायचा, अशातली ही गत.

या हसण्यातच खरी गोम आहे. जुनी गाडी ताशी शंभरला थरथरे, ओरडे, तापे, वास सोडे. चालकाला भीती वाटे, आणि ती भीती हाच तिचा सगळ्यात चांगला ब्रेक होता. आजच्या गाडीत दीडशेला कप हलत नाही. भीती गाडीतून उतरली, पण ती नाहीशी झाली नाही. ती रस्त्यावर येऊन उभी राहिली, तुमच्या-माझ्याशेजारी. वजन दुप्पट झालं की धडकेतली ऊर्जा दुप्पट, वेग दुप्पट झाला की चौपट. दोन्ही झालं तर आठपट. हे गणित उशा, पट्टे आणि चुरगळणारा पत्रा आतल्यासाठी सोडवतात. बाहेरच्यासाठी ती बॉनेटखालची पोकळी आहे, पण ती चाळीसच्या वेगाला उपयोगी. दीडशेला पोकळी असली काय आणि नसली काय.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शा कंपनीच्या एका भरधाव गाडीने मोटारसायकलला धडक दिली. मोटारसायकलवरची दोन तरुण माणसं गेली. गाडीतली मंडळी जिवंत बाहेर आली. खटल्याचं काय ते कोर्ट बघेल. पण 'जगातली अत्यंत सुरक्षित गाडी' असं जाहिरातीत वाचलं की मला एवढंच विचारावंसं वाटतं, कुणासाठी?

"मामा, पण मग करायचं काय? पुन्हा बैलगाडी?" असं भाचा विचारतो. अजिबात नाही. १९८९ साली जपानच्या माझदाने एमएक्स-५ नावाची दोन माणसांची छोटी गाडी काढली. तिची २०१५ मधली चौथी पिढीसुद्धा हजार-अकराशे किलोंतच आहे. हवेच्या उशा आहेत, न घसरणारे ब्रेक आहेत, दोनशेच्या आत घोडे आहेत, आणि चालवणारे लोक हसताना दिसतात. म्हणजे हलकी, सुरक्षित आणि मजेची हे तिन्ही एकत्र जमतं. फक्त तिच्यावर शेजारी जळत नाहीत, ही तिची उणीव. युरोपात तर जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीला रस्त्याची वेगमर्यादा ओळखून चालकाला बजावणारी यंत्रणा सक्तीची आहे. मात्र चालकाला ती बंद करता येते! चोराने कुलूप लावायचं, आणि किल्ली चोराच्याच खिशात.

सचिन तेंडुलकरला ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केल्याबद्दल २००२ साली फेरारी मिळाली, तेव्हा तिच्या आयात करावरून देशभर केवढा वाद झाला! शेवटी कर कंपनीने भरला. चारशे घोड्यांची ती गाडी देशात शिरताना कर किती, यावर आपण महिनोन्‌महिने भांडलो. अशा गाडीने शहरातल्या रस्त्यावर किती वेगाने पळावं, यावर आपण एक संध्याकाळही भांडलेलो नाही.

ते भांडण मी आज सुरू करतो आहे. काका, ती फ्रेम भिंतीवरच राहू द्या. तिथे ती कुणाला इजा करत नाही. आणि भाचेबुवा, पुढच्या वेळी गाडीचा कागद आणाल तेव्हा त्यात शून्य ते शंभरच्या शेजारी शंभर ते शून्यचा आकडाही आणा. रस्ता ओलांडणाऱ्याला तोच लागतो.