स्वप्नातली नक्षी

कवीला कल्पना सुचते कोठून, असे दरवर्षी बी.ए.च्या वर्गात कोणीतरी विचारतोच, आणि मी हातावरचा खडू झटकून वेळ मारून नेतो. यंदा मात्र मी लांग दुलायबाईंची गोष्ट सांगितली.

फिलिपाइन्सच्या मिंदानाओ बेटावर सेबू सरोवराकाठी त्बोली लोक राहतात. बाई तिथल्या. बाराव्या वर्षी आईपाशी विणायला बसल्या. त्यांचे कापड त्नालाक; सूत आबाकाचे, म्हणजे केळीच्या एका भावंडाच्या सोपटाचे! उभ्या धाग्यांना आधी जागोजाग गाठी मारायच्या, मग काळ्या-तांबड्या रंगांत बुडवायचे. जातकुळी पाटणच्या पटोळ्याची. माग विणणारीच्या कमरेलाच बांधलेला. ती उठली की ताण गेला. कागदावर मात्र एक रेघ नाही. नक्षी आबाकाची देवता फू दालू स्वप्नात दाखवते, अशी श्रद्धा. अशा शंभरावर नक्ष्या बाईंना तोंडपाठ, नव्हे, हातपाठ होत्या!

१९९२ च्या कायद्याने तिथले सरकार अशा कारागिरांना राष्ट्रीय मान आणि मानधन देते. एक अट अशी, की विद्या पुढच्यांना शिकवायची. १९९८ साली बाईंना तो मान मिळाला. २०१५ साली त्या गेल्या. हात शिकवता येतो हो, पण स्वप्न?

"सर, तुम्ही असले काही जपलेत?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

एम.ए.ला मी ओवीछंदावर टिपणे काढीत होतो. पलीकडच्या खोलीत आजी डाळ भरडताना स्वतः रचलेल्या ओव्या म्हणे. आवाजाने लक्ष लागेना, म्हणून मी दार लोटून घेत असे.